वर्षालीचे शंभर ग्रॅम

मित्रांनो, आमच्या अंगणवाडीत कधी आलात तर खाऊच्या डब्यांशेजारच्या भिंतीकडे जरा बघा. तिथे खिळ्याला एक गोल तबकडी टांगलेली दिसेल. तिची काच एका बाजूला तडकली आहे, आणि झोळी अडकवायच्या खालच्या आकड्यावर खाऱ्या वाऱ्याने गंज चढला आहे. तो मी, बाळांची वजनं करणारा काटा. आता म्हातारा झालो आहे. पण माझी गोष्ट सांगायला बसलो की तबकडीतल्या तबकडीत माझी छाती फुगते, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका कामगाराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, दुसऱ्याने तबकडीवर शंभर-शंभर ग्रॅमच्या बारीक रेघा उमटवल्या. १९९८च्या दिवाळीनंतर, गवत भरलेल्या खोक्यातून मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या या वाडीत येऊन पोचलो. खोकं उघडलं ते मथुराबाईंनी. मथुराबाई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या सेविका. त्यांनी मला आंब्याच्या फांदीला टांगलं, काटा शून्यावर आणला आणि एक किलोचं वजन लावून पाहिलं. काटा बरोबर एकवर थांबला, तेव्हा त्या हसल्या. ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

मुलांना मात्र मी मुळीच आवडत नसे. निळ्या झोळीत घालून उचललं, की पाय हवेत लोंबकळत आणि रडण्याने सगळी वाडी गोळा होई. वजन लिहून होईपर्यंत माझं पोट गदागदा हलत असे. अशी जवळजवळ पाच वर्षं गेली.

मग २००३चा जून उजाडला. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल असलेल्या धनेशच्या घरी दुसरं बाळ झालं. मुलगीच झाली, पण दीड महिना आधी. पहिली आरोही जन्मली तेव्हा चांगली तीन किलोची होती. ही भरली एक किलो सहाशे. तीन आठवडे तिला ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणल्यावर तिचं नाव ठेवलं वर्षाली.

अशा बाळाला पावसात अंगणवाडीत कसं आणणार? म्हणून मथुराबाईंनी मला कापडी पिशवीत घातलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि दर शनिवारी त्या मला धनेशच्या घरी नेऊ लागल्या. पडवीच्या वाशाला मला टांगत. निळी झोळी तिला फारच मोठी, म्हणून तिची आई अनुजा आपल्या जुन्या साडीची मऊ झोळी बांधी. आधी रिकाम्या झोळीसकट मला शून्यावर आणायचं आणि मग बाळ.

पहिल्या शनिवारी तिची आजी चंद्रावती शेजारी दोन्ही हात पसरून उभी होती, जणू मी तिची नात पाडणारच होतो.

"हळू गो मथुरा! केवढीशी पोर ती!"

खरं सांगतो, माझी स्प्रिंग जेमतेम हलली. एक किलो आठशे. इतकं हलकं बाळ मी कधी पेललं नव्हतं. मथुराबाईंनी बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर टिंब काढलं, ते सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली पडलं. अनुजाने ते टिंब पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दवाखान्यातल्या परिचारिकेने एक गोष्ट शिकवून पाठवली होती. बाळाला नुसत्या लंगोटावर, उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरून ठेवायचं. आईने धरावं, नाहीतर बापाने. अनुजा दमली की धनेश सदरा काढून पडवीत बसे, वर्षालीला छातीवर घेई आणि वरून गोधडी बांधी. दर्याच्या वाऱ्यात तापलेली ती रुंद, काळीभोर छाती, आणि तिच्यावर तळहाताएवढं गोरंसं बाळ! वाटेने जाणारे थांबून बघत. धनेशच्याच होडीवर काम करणारा धोंडूकाका एकदा हसत म्हणाला, "काय रे धनेशा, तू तांडेल ना रे! दाई कधी झालंस?"

धनेश जागचा हलला नाही. "काय ता म्हणा, धोंडूकाका. हिचा अंग थंड पडूक मी देवचंय नाय."

पुढच्या शनिवारी माझा काटा एक रेघ पुढे सरकला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. दोन किलो शंभर, मग सव्वादोन. ऑगस्ट लागला तेव्हा वर्षाली अडीच किलोची झाली होती. माझ्या टिंबांची रेषा तक्त्यावर खालून वर चढत होती आणि तिच्याकडे बघताना अनुजाच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं. होड्यांचे झाप निघाले. नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली आणि धनेशची होडी रंग लावून तयार झाली.

त्या शनिवारी मी काय सांगितलं, ते आजही आठवतं. वर्षालीला झोळीत ठेवलं. ती रडली नाही, हातपायही हलवले नाहीत. काटा पुढे गेला, थरथरला आणि अडीचच्या एक रेघ अलीकडे थांबला. दोन किलो चारशे.

मथुराबाईंनी काटा पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी चंद्रावती पुढे झाली. तिचा जन्म मासळी विकण्यात गेलेला. सुरमई नुसती हातावर तोलून ती वजन सांगायची आणि ते बरोबर निघायचं, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने नातीला उचललं, दोनदा तोललं.

"अडीच किलो. जास्तच, कमी नाय. मथुरा, काटो बिघाडलो तुझो. खाऱ्या वाऱ्यान गंजलो."

मित्रांनो, मथुराबाईंनाही तेव्हा मी खोटा निघालो तर हवंच होतं. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आरोहीला सांगितलं, "पळत जा, दुकानातसून मिठाचे दोन पुडे घेवन ये. न फोडलेले."

आरोही भिजत गेली, भिजत आली. एकेक किलोचे दोन पुडे झोळीत ठेवले. सगळे माझ्या तबकडीकडे बघत होते. काटा दोनवर जाऊन उभा राहिला, ना रेघभर पुढे, ना रेघभर मागे. आपण खरे ठरलो याचं इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

चंद्रावतीने पुडे काढले. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "काटो बरोबर आसा. माझो हातच मायेचो. वाढवन सांगता."

मथुराबाईंनी विचारलं, "अनुजा, पिता ना गो ती नीट?"

"दोन दिस धड पिणा नाय," अनुजा म्हणाली. "रडणा पण नाय. माका वाटला, शाणी झाली. झोपता बिचारी."

"अंग तापला काय?"

"नाय. उलट थंडच लागता."

मथुराबाईंनी बाळाची कुंची बाजूला केली. छाती भराभर वरखाली होत होती आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्यांनी पिशवी उचलली. "धनेशा, उठ. ओरोसाक जावया. आत्ताच."

धोंडूकाकाच्या पुतण्याने रिक्षा काढली. धनेशने वर्षालीला पुन्हा उघड्या छातीशी बांधलं, वरून रेनकोट घातला. कट्टा, कसाल ही गावं मागे टाकत रिक्षा पावसात धावत होती. मी मथुराबाईंच्या मांडीवर पिशवीत होतो. मला वाशावरून काढून त्यांनी घाईत तसंच सोबत घेतलं होतं. धनेश दर थोड्या वेळाने मान खाली घालून म्हणे, "श्वास घेता. घेता हा."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि लगेच ऑक्सिजन लावायला सांगितलं. "फुप्फुसात जंतुसंसर्ग सुरू झालाय. एवढ्याशा बाळाला ताप येईलच असं नाही. ते दूध कमी पितं, गप्प पडून राहतं आणि वजन उतरतं. तुम्हाला कळलं कसं?"

मथुराबाई कचेरीत किंवा दवाखान्यात गेल्या की पुस्तकातली मराठी बोलत. त्या म्हणाल्या, "शंभर ग्रॅम कमी झालं होतं, मॅडम."

"एवढ्यावरून आणलंत? बरं केलंत. सोमवारची वाट बघितली असती तर मी काही सांगू शकले नसते."

मथुराबाईंनी पिशवीवरून माझ्यावर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी धोंडूकाका ओरोसला आला. धनेश दाराबाहेर बाकड्यावर बसला होता. काकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पोरीकडे रव. होडी मी काढतंय." धनेश तांडेल झाल्यापासून पहिल्यांदाच, पौर्णिमेनंतर त्याची होडी त्याच्याशिवाय पाण्यात गेली. अनुजाला पाळीपाळीने विश्रांती मिळावी म्हणून तो तिथेच राहिला आणि डॉक्टरांनी ऑक्सिजन काढल्यावर मुलीला पुन्हा छातीवर घेऊन बसला. पाचव्या दिवशी वर्षाली रडली. भुकेने, चांगली जोरात रडली. मथुराबाई सांगतात, त्या रडण्याने अनुजा हसली आणि हसता हसता तिलाच रडू फुटलं.

अकराव्या दिवशी ती घरी आली, आणि शनिवारी मी पुन्हा त्या वाशाला लटकलो. अडीच किलो. मग दोन किलो सातशे. मग एका आठवड्यात चक्क तीनशे ग्रॅम! आता काटा थांबला रे थांबला, की आरोही आकडा घेऊन वाडीभर धावे. "तीन किलो! आमचा बाळ तीन किलो झाला!" जाळी विणणारे हात थांबत, विहिरीवरच्या बायका हसत. त्या दिवशी चंद्रावतीने मालवणहून गुळाचं खाजं आणून घरोघर वाटलं. जिने मला बिघडलेला म्हटलं होतं, तिने माझ्याही झोळीच्या आकड्याला खाज्याचा एक तुकडा लावला. मथुराबाईंनी तो लगेच पुसला, नाहीतर मुंग्या लागल्या असत्या.

ऑक्टोबरात एकदा झोळी जराशी वरखाली झुलली आणि वर्षालीला काय वाटलं कोण जाणे, ती खुदकन हसली. पाच वर्षं मुलं माझ्याजवळ येऊन नुसती रडली होती. माझ्या झोळीत हसलेलं ते पहिलं बाळ. डिसेंबरात तिची उष्टावण झाली, तेव्हा ती पाच किलो सहाशे होती, आणि तक्त्यावरचं तिचं टिंब हव्या त्या रेषांच्या मधोमध बसलं.

पुढच्या जानेवारीत ओरोसला सेविकांची सभा होती. मथुराबाईंनी मला नेऊन टेबलावर ठेवलं. शेजारी मांडीवर गुटगुटीत वर्षालीला घेऊन अनुजा बसली होती. मथुराबाई म्हणाल्या, "मी काही मोठं केलं नाही. काट्याने सांगितलं ते खरं मानलं, आणि उशीर केला नाही." दीडशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या सेविका पुढे येऊन मला हात लावून बघत होत्या. आयुष्यात याहून मोठा मान मला मिळाला नाही आणि नकोही आहे.

पुढे आणखी कितीतरी बाळं माझ्या झोळीत झुलली. २००९मध्ये उजळलेले आकडे दाखवणारा नवा विजेरी काटा आला. माझी स्प्रिंग सैल पडली होती, दोनशे ग्रॅमची चूक होऊ लागली होती. चुकणाऱ्या काट्याने बाळाचं वजन करू नये, म्हणून मला भिंतीवर ठेवलं, ते योग्यच झालं. कधी धूळ बसते, कधी पाल येऊन माझ्या मागे झोपते. मला त्याचं दुःख नाही.

एक मागणं मात्र आहे. मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड येईल तेव्हा त्याचं वजन करायला आईबरोबर तुम्हीही जा. काटा पुढे सरकला तर आरोहीसारखे ओरडत गावभर धावा. आणि मागे सरकलेला दिसला, तर त्याच्यावर रागावत बसू नका, उद्या बघू म्हणू नका. बाळाला उराशी घ्या आणि निघा.