ओनोरिनाच्या तोंडाखालची उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, तोंडाखालची. डोक्याखालच्या उशीचे लोक लाड करतात. तिला अभ्रा घालतात, उन्हात वाळवतात, झोपण्याआधी प्रेमाने थोपटतात. माझ्या मात्र मधोमध भलं मोठं भोक ठेवलं, आणि माणसाच्या नाकातोंडातून जे जे म्हणून गळतं ते सगळं माझ्या नशिबी आलं. आठवलं तरी मळमळतं.

मी किनाऱ्याजवळच्या मोन्तेक्रिस्ती गावची. गावात घरोघरी ताडासारख्या पानांच्या काड्यांच्या टोप्या विणतात. नार्सिसाने गावाबाहेरच्या सावरीचा कापूस भरून मला शिवलं ते तिच्या मोठ्या बहिणीसाठी, ओनोरिनासाठी. ओनोरिना गावातली सगळ्यात बारीक वीण विणणारी. तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला ऐन मध्यावर भोक पडलं होतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक गायब. टोपीची सरळ काडी मध्येच वाकलेली दिसायची. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे सगळी भिस्त या एकावर. जवळच्या पोर्तोविएहो शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून त्या डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा आतून भोक दाबून धरणार होता, आणि त्यासाठी तिने आठवडाभर पालथं पडून राहायचं होतं.

"अगं, त्यात काय एवढं!" शेजारीण म्हणाली. "जन्मभर टोपीच्या लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून, मान खाली घालूनच विणत आलीस की!"

बोलायला काय जातं? विणताना तोंडाखाली टोपी असते, मी नसते. झोपेत लाळ गळायची, जागेपणी घाम. डोळ्यात टाकलेलं औषध गालावरून ओघळून माझ्यात मुरायचं. शेंगदाण्याचं वाटण घातलेलं माशाचं कालवण ती पालथ्यानेच चमच्याने ओढायची, त्यातलं निम्मं माझ्या भोकात. भेटायला येणाऱ्या बायका मासळी साफ केलेल्या हातांनी मला सारखं करायच्या आणि वर म्हणायच्या, "कसला वास येतोय गं इथे?" ओनोरिनाच्या बोटांना तर स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. विणायला काही नाही म्हणून ती माझेच दोरे उपसायची. मला तिची किळस यायची. खोटं कशाला बोलू?

आठवडा सरला, मान वर झाली. आता तिला डोळ्यात पाण्यासारखी रेघ डुलताना दिसायची. रेघेच्या वर थोडं उजेडाचं, खाली सगळं गढूळ. बुडबुडा जिरत जाईल तसं दिसायला लागेल, पण तोवर रात्री पालथंच निजायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे माझी सुटका नव्हतीच.

तेवढ्यात तिचा मुलगा रूपेर्तो उगवला. हा टोप्यांचा व्यापारी, अंगाला अत्तर आणि तोंडात साखर. लांब डोंगरातल्या किटो शहराच्या जत्रेत त्याने दुकान मांडलं होतं.

"आई, तू नुसती येऊन बस. विणू नकोस. विणणारी बाई दिसली की गिऱ्हाईक थांबतं."

"अरे मेल्या, तिच्या डोळ्यात बुडबुडा आहे!" नार्सिसा कडाडली. "विमानात बसायचं नाही म्हणून बाईंनी दहादा सांगितलंय."

"मग विमान कुठंय, मावशी? बसने जायचं. बसची चाकं जमिनीवरच असतात ना?"

नार्सिसा हात झटकून चुलीकडे वळली. ओनोरिनाही घरात पडून पडून विटली होती. निघाली. मला काखोटीला मारलं, त्या घामट काखेत!

किनाऱ्याची सपाटी संपली आणि बस घाट चढू लागली. ओनोरिनाच्या मांडीवर केळ्याच्या वेफर्सची बंद पुडी होती. चढ वाढला तशी ती कपाळ दाबू लागली. मग डोळा ठणकू लागला. मग तिला भडभडून आलं, आणि सगळं पोट तिने माझ्यावर रिकामं केलं. त्या अत्तरवाल्याने काय केलं? नाकाला रुमाल लावला.

"घाट लागलाय तुला. जरा कळ काढ, आई. आलंच किटो."

ओनोरिना पुडी चाचपत होती. निघताना मऊ असलेली पुडी आता टम्म फुगून फुटायला आली होती.

"रूपेर्तो," ती म्हणाली, "ही का फुगली रे?"

"वर आलो की फुगतेच. आत हवा असते ना."

"मग माझ्या डोळ्यात काय आहे?"

रूपेर्तोने नाकावरचा रुमाल काढला.

"बस थांबवा!" ओनोरिना ओरडली. "उजेड चाललाय माझा! मी उतरतेय. तुला जत्रेला जायचं तर जा."

तोही उतरला, एवढं मात्र खरं. केळी पोचवून किनाऱ्याकडे परतणारा एक रिकामा ट्रक मिळाला. मागच्या फळ्यांवर ती पालथी पडली, त्याच बरबटलेल्या माझ्यावर तोंड ठेवून. उतार लागला, पुडी हळूहळू सैल झाली, ठणकाही उतरला. तसंच पोर्तोविएहो गाठलं. डॉक्टरीणबाईंनी रूपेर्तोला उभं-आडवं झापलं. "विमान नको म्हटलं ते उंचीसाठी! डोंगर काय खड्ड्यात असतो?" मग ओनोरिनाला म्हणाल्या, "डोळा किती वाचला ते बुडबुडा गेल्यावरच कळेल."

मग वाट पाहणं आलं. बुडबुडा तिला सुपारीएवढा दिसू लागला, मग वाटाण्याएवढा, आणि एका सकाळी नाहीसा झाला. नार्सिसा आणि रूपेर्तो तिच्यासमोर उभे. कुणाची विचारायची हिंमत होईना. ओनोरिनाने मला उचललं, खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं.

"शी! काय घाण झालीय ही! हा पिवळा डाग कालवणाचा. हा हिरवट कसला गं? आणि ही टीप बघ, मध्येच वाकडी गेलीय."

नार्सिसा म्हणाली, "टीप सरळ आहे, ताई. मी शिवलीय. तुलाच अजून वाकडं दिसतंय." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

ओनोरिनाने मला तिच्या नाकापुढे धरलं. "इथे. बोट लाव."

नार्सिसाने बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. टीप खरंच वाकडी होती.

मग दोघी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, आणि नाकं पुसली ती मलाच. रूपेर्तो कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता.

सगळ्यात बारीक वीण अजून तिला जमत नाही, जाड काडीची जमते. मी अंगणात सरपणावर पडलेय. कोंबड्या येऊन टोचतात, उद्या बहुधा चुलीत जाईन. जाता जाता एवढंच मागते: डोळ्यात बुडबुडा असेल तर घाट चढू नका, आणि तोंडाखालच्या उशीलाही एक अभ्रा घाला. बाकी तक्रार उरली नाही. मला फेकताना ओनोरिना डाग बघून "शी" म्हणाली. ते एक अक्षर ऐकायला मिळणार असेल, तर ती सगळी घाण मी पुन्हा सोसेन.