दोन थेंब ऑइल

आफ्रीन बंगळुरूहून सुट्टीला आली ती कॉफीचं खूळ घेऊनच. बिया दळायला तिला घरी ग्राइंडर हवा होता. मोबाईलवर तिनं अब्बांना दोन दाखवले, एक विजेचा आणि एक हातानं फिरवायचा. बीडात तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या वाहेद मिस्तरींनी हाताच्या ग्राइंडरवर बोट ठेवलं. "विजेच्या गोंगाटात बी काय बोलती ते ऐकू येत न्हाई."

ग्राइंडर आला. अंगणात बसून, डोळे मिटून, गाडीच्या इंजिनातलं टॅपेट लावावं तसं ते त्याच्या दात्यांमधलं अंतर नुसत्या आवाजावर जुळवत राहिले. बिया कुरकुरत होत्या, दुपार पेंगत होती. "आता बराबर बोलतंय," ते म्हणाले.

पहिल्याच घोटाला आफ्रीनचं तोंड वाकडं झालं. "अब्बा, यात काय घातलं?"

"काय बी न्हाई. नवं मशीन हाय, दोन थेंब ऑइल सोडलं."

तिनं चिडून कप मोरीत ओतला, ग्राइंडर साबणानं घासला. उरलेली पूड मात्र बरणीत भरून बंगळुरूला नेली. त्या पुडीची कॉफी ती करत नाही. घराकडं यायला जमलं नाही की ती नुसतं झाकण उघडते, ऑइलचा वास येतो, आणि गॅरेज बंद करून अब्बा दारात येऊन उभे राहतात.