मुलं केवढी आहेत?

जाहिरात अशी होती: 'शहराच्या जुन्या भागात ऐतिहासिक तीन मजली घर, वय एकशे साठ वर्षं, भिंती भक्कम, शेजार कुटुंबवत्सल.' वय आणि भिंती मी मान्य केल्या. शेजारावर मात्र पेन्सिलीने गोल काढला. विमा कंपनीत एकतीस वर्षं दावे तपासण्यात गेली माझी. जळालेल्या गोदामांचे शेजारी नेहमीच फार प्रेमळ असत.

मुलाला आणि सुनेला घर पाहताक्षणी आवडलं होतं. पण माझा फ्लॅट विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं, त्यामुळे मी हो म्हणेपर्यंत सगळं अडलेलं. घर मिळालं तर सगळे एका छपराखाली, तळमजल्याची रस्त्याकडची खोली माझी, कारण माझ्या गुडघ्याचं आणि जिन्याचं आता पटत नाही. नाही मिळालं तर ते शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला, आणि नातवंडांची भेट महिन्यातून एकदा. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही खालीच राहा. दार उघडायला कुणीतरी लागतंच." तिच्या प्रेमात नेहमी एखादं काम दडलेलं असतं, म्हणून ते मला खरं वाटतं.

मंगळवारी मी कुणाला न सांगता एकटाच घर बघायला गेलो. एजंट किल्ल्या घेऊन हजर होता.

"काका, एक भेग दाखवा. एक!"

"नाहीये, तीच तर काळजी आहे."

मी भिंती ठोकल्या. तळघरात जाऊन वास घेतला. वरच्या मजल्यावर जमिनीवर गोटी ठेवली, ती जागची हलली नाही. नळ सोडले, खिडक्या उघडल्या, मिटल्या. एकशे साठ वर्षांच्या म्हातारीचे सगळे दात शाबूत असावेत तसा प्रकार.

"मालक का विकतायत?"

"मालकीणबाई आहेत. बहिणीकडे राहायला जातायत. पण घर देणार ते मुलाबाळांच्या कुटुंबालाच. एक कंपनी ऑफिससाठी जास्त पैसे देत होती, बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं."

जास्त पैसे नाकारणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर त्याने परसात काहीतरी पुरलेलं असतं. संत माझ्या कारकिर्दीत एकही भेटला नव्हता. मी परसात चक्कर मारली. तिथे कोथिंबीर होती.

मग गल्लीत निघालो. कोपऱ्यावरच्या बेकरीत चार पाव मागितले, बेकरीवाल्याने सहा दिले.

"घर बघायला आलात ना? घ्या हो. नातवंडं आहेत?"

"आहेत."

"वा! केवढी आहेत?"

मी उत्तर न देता पुढे सरकलो. शिंपी गिऱ्हाइकाच्या एकाच बाहीचं माप घेऊन, दुसरी तशीच हवेत ठेवून बाहेर आला. "नमस्कार! मुलं केवढी आहेत हो?" समोरच्या घरातून एका आजींनी कुंड्यांना पाणी घालताना वरूनच विचारलं, "अहो, मुलं केवढी आहेत?"

तीन साक्षीदारांचे शब्द इतके तंतोतंत जुळले की समजावं, आदल्या दिवशी बैठक झालेली आहे. मुलं आहेत का, इथपर्यंत ठीक. पण केवढी आहेत? यांना मापाशी काय करायचंय? बाजारात भोपळा निवडतानासुद्धा लोक इतकं खोदून विचारत नाहीत.

अशा वेळी माझी एक जुनी पद्धत आहे. समोरच्याला काय हवंय ते कळेपर्यंत त्याला खरं सांगायचं नाही. चुकीचं सांगायचं आणि चेहरा बघायचा. मी बेकरीकडे परत वळलो आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मोठी आहेत. एक आठवीत, एक नववीत."

बेकरीवाल्याचा चेहरा पाण्यात पडलेल्या पावासारखा झाला. जादा दिलेले दोन पाव त्याने परत मागितले नाहीत, पण त्यांच्याकडे बघितलं. शिंपी दुसऱ्या बाहीकडे गेला. वर खिडकी लागली.

पकडले, म्हटलं. काय पकडलं ते मला कळलं नव्हतं, पण समाधान पुरेपूर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाकडे असतानाच एजंटचा फोन आला. सुनेने घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"ताई, बाई घर द्यायचं नाही म्हणतायत. मुलांची वयं खोटी सांगितली म्हणतात. तुम्ही मला सांगितलंत दोन्ही साडेपाच वर्षांची, जुळी. आणि गल्लीत कुणीतरी सांगून आलंय की आठवी-नववीत आहेत. कोण गेलं होतं का तिकडे?"

सुनेने फोनवरून मान उचलली. मुलाने वर्तमानपत्रावरून. घरात पाचांपैकी दोघं साडेपाच वर्षांची होती, त्यांच्यावर ढकलायलाही जागा नव्हती.

"बाबा," सून म्हणाली, "चप्पल घाला."

बाईंचं दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलाशी त्या एक मोठी वही उघडून बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या आणि कडक नजरेच्या. बेकरीवाला आमच्या मागोमाग आला आणि काहीच काम नसल्यासारखा दारात टेकला.

"मी गल्लीच्या टोकाच्या शाळेची मुख्याध्यापिका," बाई म्हणाल्या. "पहिलीत पंधरा मुलं भरली नाहीत तर यंदा शाळा बंद होणार. तेरा आहेत. माझं घर मी पहिलीतल्या दोन मुलांना देतेय असं समजा. सोबत आईवडील फुकट." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही आठवी-नववी सांगता."

"मी जरा... चौकशी करत होतो."

"चौकशी आम्ही करत होतो. तुम्ही थापा मारत होता."

दारातून बेकरीवाला म्हणाला, "मी तर सहा पाव दिले होते."

सुनेने जन्मदाखले पुढे केले. बाईंनी हातसुद्धा लावला नाही. "मागच्या जोडप्याने भाच्यांचे दाखले आणले होते. आता मी कागद बघत नाही, मुलं बघते. ये गं, इकडे ये. हात डोक्यावरून ने आणि पलीकडचा कान धर. पोचला तर पहिलीचं वय झालं."

एकतीस वर्षं मी लोकांच्या खरेपणाचा निकाल लावला, आणि आता आमचं घर एका कानावर येऊन थांबलं होतं.

नातीने, जिला आम्ही चिमणी म्हणतो, हात डोक्यावरून नेला. बोटांची टोकं कानाच्या वरच्या कडेला जेमतेम लागली. बाईंनी वहीत चौदावं नाव लिहिलं.

"आता तू."

नातवाचं टोपणनाव बोका. बोक्याने हात नेला. बोटं केसांत थांबली. कान अजून दोन बोटं लांब.

"मान वाकडी करायची नाही," बाई म्हणाल्या.

बोक्याने मान सरळ केली, जीभ बाहेर काढली, टाचा उचलल्या. टाचांचा कानाशी काय संबंध असावा, पण बेकरीवाल्यानेही दारात टाचा उचलल्या. सूनही. मी गुडघा विसरून उभा होतो.

बोटं पोचली नाहीत.

"आठवीतलं तर हे नाही," बाई अखेर म्हणाल्या. "शाळा उघडायला दहा आठवडे आहेत. वाढेल." आणि पंधरावं नाव लिहिलं. दारातून बेकरीवाला पळाला. गल्लीत त्याचा आवाज ऐकू आला, मग खिडक्या उघडल्याचा.

"मुलांना सोडायला-आणायला कोण येणार?"

"हे," सून माझ्याकडे बोट करून म्हणाली.

बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. "पालकांच्या जागी सही करा."

मी केली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती न्याहाळली आणि बोट खालच्या ओळीवर ठेवलं.

"इथे पुन्हा एकदा करा."

मी पुन्हा केली. बाईंनी पट्टी घेतली, दोन्ही सह्यांच्या खाली धरली, आणि एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली.