आकडा तुम्हीच वाचा

मित्रांनो, मी मोजमापाची एक जुनी टेप आहे. वर्षानुवर्षे मी स्वतःला खरे बोलणारी समजत होते, आणि एका सकाळी मला कळले की या गावात माझ्याइतके खोटे दुसरे कोणी बोललेच नव्हते. तो धक्का अजून ओसरलेला नाही. सांगताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पातळ पट्टीवर पिवळा रंग चढला, त्यावर काळे आकडे उमटले, टोकाला छोटासा हूक बसला आणि माझी सोळा फूट लांबी मुठीएवढ्या डबीत गुंडाळून ठेवली गेली. माझा पहिला मालक या गावातला सुतार. त्याला सगळे सुतारकाका म्हणत. मला घरी आणल्याबरोबर त्यांनी तापलेल्या खिळ्याने डबीवर एक चंद्रकोर डागली. चटका बसला खरा, पण आपण कोणाच्या तरी झालो याचे समाधान त्याहून मोठे होते.

सुतारकाकांची एक सवय होती. मला ओढण्याआधी ते अंगठ्याने माझा हूक चाचपून बघत. तो सरळ आहे, घट्ट आहे, अशी खात्री पटली की मगच माप. बावीस वर्षांत एकदाही ही सवय चुकली नाही. खिडक्या, पाळणे, देव्हाऱ्यांपासून दुकानांच्या फळ्यांपर्यंत काय काय आम्ही केले! कोणी मापावरून वाद घातला तर काका मला टेबलावर ठेवून शांतपणे म्हणत, "ही म्हणेल ते खरं." असे कौतुक ऐकून कोणाची मान ताठ होणार नाही? माझी तर पट्टीच ताठ होती.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. जिने चढवेनात. त्याच सुमारास त्यांच्या बहिणीच्या मुलाने घरे आणि जागा दाखवण्याचे ऑफिस काढले. काकांनी मला त्याच्या हातात दिले आणि सांगितले, की हिने मला कधी खाली मान घालायला लावली नाही, तुलाही लावणार नाही. भाच्याने वाकून नमस्कार केला. माझ्या डबीत हुंदका दाटून आला होता, पण मी अभिमानाने गेले.

या भाच्याला गाव 'हसरे भाऊ' म्हणायचे. त्यांचे हसू कधी मावळत नसे. काचेचा दरवाजा, मऊ सोफा, भिंतीवर गावाचा रंगीत नकाशा, आलेल्या माणसाला लगेच थंड पाणी. गावात दुसरी एजंट एकच होती, बँकेच्या मागच्या बोळात बसणारी एक बाई. तिच्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि नन्नाचा पाढा. घर दाखवायला नेले की दारातच सुरुवात: या भिंतीला ओल येते, वरच्या मजल्यावर पाणी बेताचे, शेजारी भांडखोर आहे. लोकांनी तिचे नाव नन्नाबाई ठेवले होते. मलाही तिचे हसू यायचे. या बाईला घर विकायचे आहे की गिऱ्हाईक पळवायचे आहे, तेच समजायचे नाही.

एके दिवशी मी हसरे भाऊंच्या गाडीच्या दारात चिमटले. टोक पार मुरगळले. भाऊंनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. मी वेदनेने डबीत आत गोळा होऊन पडले होते, त्यामुळे बाहेर काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. बाहेर आले तेव्हा हूक पुन्हा जागच्या जागी, घट्ट. मला वाटले, काय भला मालक आहे! दुसऱ्याने फेकून नवी घेतली असती.

त्यानंतर एक चमत्कार घडू लागला. घरे मोठी झाली. ज्या खोल्या बघून लोक नाके मुरडायचे, त्या मोजल्यावर ऐसपैस निघायच्या. भाऊंची पद्धतही सगळ्यांना आवडायची. ते हूक स्वतःच्या हातात धरून पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसत आणि माझी डबी गिऱ्हाइकाच्या हातात देत. मग तिकडून हसून म्हणत, "आकडा तुम्हीच वाचा. मी सांगितला तर म्हणाल, दलालच तो!" गिऱ्हाईक खूश. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेल्या आकड्यावर कोण शंका घेणार? आणि मित्रांनो, माझे डोळे म्हणाल तर डबीच्या तोंडाशी. मला ओढले की माझे टोक लांब दुसऱ्या कोपऱ्यात जाते. गुंडाळले की ते डोळ्यांवरच येऊन बसते. ते मला कधी नीट दिसतच नाही.

याच काळात सुतारकाकांबद्दल वाईट बातम्या ऐकू येऊ लागल्या. हसरे भाऊ नव्या घरमालकांना मामांकडेच कपाटे करायला पाठवत. मामांना जिने चढवत नसत, म्हणून मापांचा कागद भाऊच देत. काका तो कागद डोळे झाकून घेत. माझीच टेप आहे, चुकेल कशी, असे म्हणत. पण एका शिक्षकांचे पुस्तकांचे कपाट कोनाड्यात शिरेना. मग एका घरातली मांडणी दाराला अडली. तिसऱ्या घरात तर नव्या कोऱ्या ओट्याखालच्या फळ्या करवतीने कापाव्या लागल्या. लोक कुजबुजू लागले, की म्हाताऱ्याची नजर गेली. काकांनाही तेच वाटले. त्यांनी करवत तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि काम बंद केले. ऑफिसात ही बातमी आली तेव्हा भाऊ क्षणभर हसायचे थांबले होते. मला वाटले, मामासाठी जीव तुटतो आहे बिचाऱ्याचा.

आणि मग शिंपीणताई आल्या.

गळ्यात कापडी टेप, बोटांना खडूची पूड. त्यांची आई चाकांच्या खुर्चीवर असायची. भाड्याच्या घरात आई मागच्या खोलीत आणि मशीन पुढच्या खोलीत. एकदा आई पलंगावरून पडली आणि अर्धा तास हाका मारत राहिली. मशीनच्या आवाजात लेकीला काही ऐकूच आले नाही. तेव्हापासून ताईंना एकच गोष्ट हवी होती. एकाच खोलीत आईचा पलंग आणि कापड कापायचे टेबल, मध्ये खुर्ची जाईल एवढी वाट. शिवताना मान वर केली की आई दिसली पाहिजे. त्या आधी नन्नाबाईकडे गेल्या होत्या. तिने दोन घरांचे दोष सांगून जीव नकोसा केला आणि वर बजावले, की पुढच्या वेळी येताना आईची खुर्ची घेऊन या. ताई कंटाळून हसरे भाऊंकडे आल्या.

भाऊंनी दाखवलेली खोली उजेडाची होती. भाऊ हूक घेऊन कोपऱ्यात बसले, डबी ताईंच्या हातात. मी सांगितले, नऊ फूट. ताईंनी बोटांवर हिशेब केला. पलंग तीन फूट, टेबल साडेतीन, म्हणजे वाटेला अडीच. खुर्ची सव्वादोन फुटांची. बसते! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चक्क माझ्या डबीवर हात फिरवला. इतक्या मायेने मला सुतारकाकांनंतर कोणी हात लावला नव्हता.

कागद करायच्या दिवशी सकाळी ताई आईला घेऊन खोली दाखवायला आल्या. आई खुर्चीत दारापाशी बसली. ताईंनी कापडावर आखतात तसे खडूने जमिनीवरच आखायला घेतले. या भिंतीपासून पलंग, त्या भिंतीपासून टेबल. मोजायला गळ्यातली त्यांची स्वतःची टेप. मग मधली वाट मोजली आणि त्या थबकल्या. पुन्हा मोजली. दोन फूट.

हसरे भाऊ हसले. म्हणाले, कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते ताई, माझी पोलादी आहे. ते मला पटले. त्या बिचाऱ्या कापडी टेपची मला कीवच आली.

"टेपचं नंतर बघू," आई म्हणाली. "मला त्या रेघांमधून ने."

ताईंनी खुर्ची ढकलली. दोन्ही चाके दोन्ही रेघा पुसत गेली. म्हणजे तिथे खरा पलंग आणि खरे टेबल असते तर खुर्ची दारापाशीच अडली असती. आईने हात पुढे केला आणि मला मागितले. भाऊ म्हणाले, राहू द्या, हात कापेल. आईने हात तसाच ठेवला. तिने आयुष्यभर धान्याच्या दुकानात तराजू धरला होता, आणि कुठलेही वजन हातात आले की आधी उलटे करून बघायची तिची सवय होती. तिने माझी डबी मांडीवर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली ती डबीकडून नाही, टोकाकडून.

"हुकाला लागून सात आहे," ती म्हणाली. "एक ते सहा कुठे गेले?"

मित्रांनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली असे म्हणावे, तर मला पाय नाहीत. पण माझी सगळी पट्टी थरथरली. मी खाली बघितले. आयुष्यात पहिल्यांदा माझे टोक मला दिसत होते. हूक, आणि लगेच सात. पहिले सहा इंच कापून हूक पुढे बसवला होता. प्रत्येक खोली मी अर्धा फूट फुगवून सांगत होते. शिक्षकांचे कपाट, दाराला अडलेली मांडणी, कापलेल्या फळ्या... आणि फडक्यात गुंडाळलेली करवत. ते सगळे मी केले होते.

भाऊ म्हणाले, अहो, गाडीच्या दारात सापडली होती, दुरुस्तीवाल्याने काय केले ते लक्षातच आले नाही. हसू अजून चेहऱ्यावर होतेच.

"चुकून झालं असतं ना भाऊ," आई म्हणाली, "तर कधीतरी टोक आमच्या हातात असतं आणि आकडा तुम्ही वाचला असता."

तेव्हा कुठे ते हसू गेले.

आईने मला परत दिले नाही. लेकीला म्हणाली, चल त्या नन्नाबाईकडे. बँकेमागच्या बोळात नन्नाबाईने सगळे ऐकून घेतले, मला उलटसुलट केले आणि डबीवरची चंद्रकोर बघून ती एकदम उठून उभी राहिली. गावात ती खूण कोणाची, हे तिला ठाऊक होते. ताईंना तिने दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आणि टेबल तसेच टाकून ती मला घेऊन सुतारकाकांकडे निघाली.

काका अंगणात बसले होते. त्यांच्या तळहातावर मला ठेवून ती एवढेच म्हणाली, "काका, हिला बघा." काकांचा अंगठा सवयीने माझ्या हुकाकडे गेला. हूक घट्ट होता, पण अंगठा तिथेच थांबला. त्यांनी मला हातभर ओढले, उजेडात धरले आणि आकडा वाचला. चष्म्याशिवाय वाचला. मग बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मला गुंडाळून डबीत लपावेसे वाटत होते.

"म्हणजे माझे डोळे शाबूत होते," ते म्हणाले. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "त्याला माहीत होतं?"

नन्नाबाई, जी कोणाला काहीही तोंडावर सांगते, ती त्या वेळी गप्प बसली.

पुढे तिने शिंपीणताईंना एक घर दाखवले. दारातच सांगून टाकले, की दुपारी इथे ऊन तापते आणि मागची खिडकी नीट लागत नाही. मग स्वतःच्या टेपचा हूक आईच्या हातात दिला. खुर्ची रेघांमधून अलगद गेली. टेबल सुतारकाकांनी केले, स्वतः जाऊन माप घेऊन. हसरे भाऊंचे ऑफिसही चालूच आहे. आता गिऱ्हाइके आपापली टेप घेऊन जातात, एवढाच फरक.

मित्रांनो, घर शोधून देणारा माणूस निवडाल तेव्हा तो किती हसतो ते बघू नका. तो तुम्हाला काय दाखवतो त्याहून काय सांगतो ते ऐका, आणि मोजताना टोक तुमच्या हाती देतो का ते बघा. आणि आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवरही जरा लक्ष ठेवा. आमच्याकडून कोणी काय बोलवून घेते, ते आम्हाला कळत नाही.

काकांनी मला फेकले नाही. कामाच्या जागी खिळ्याला अडकवून ठेवले आहे. रोज सकाळी त्यांचा अंगठा सवयीने माझ्या हुकावर येतो आणि सातवर थांबतो. मग ते मला हळूच सोडतात आणि नवी टेप उचलतात.