कर्नलसाहेबांची वटपौर्णिमा

माणसाला रिटायर झाल्यावर कसलं वेड लागेल, सांगता येत नाही. कोणी गुलाब लावतं, कोणी ब्रिज खेळतं. नॉटिंगहॅमच्या डॉक्टर शशिधर कारखानीसांना अमेरिकन सिव्हिल वॉरचं वेड लागलं! दर समरला आपल्यासारख्याच हौशी मंडळींबरोबर मैदानावर ती जुनी लढाई पुन्हा लढायची, खोटं मरायचं आणि उठून चहा प्यायचा.

इतकी वर्षं ते साधे शिपाई होते. २००३ च्या जूनमध्ये कर्नल होणाऱ्या गृहस्थांची पाठ धरली आणि कर्नल व्हिटलॉकचा रोल ह्यांच्याकडे आला. अमेरिकेच्या दक्षिणेतला नामांकित वकील, लढाईत मेला म्हणून सोडून दिलेला, तरी जगून-वाचून पुढे मोठा पुढारी झालेला.

"गुलाम बाळगणारा मेला! त्याचे कपडे तुम्ही घालणार?" सुहासिनीबाई कडाडल्या.

"अगं, म्हणूनच तर गोळी घालतात ना त्याला!"

हेही त्यांनी गिळलं असतं. पण शो नेमका वटपौर्णिमेला! आणि डॉक्टरांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. बाई अजून रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते बघत.

"मी इकडे तुमच्यासाठी उपाशी आणि तुम्ही तिकडे मरून पडणार? काही शुभ-अशुभ आहे की नाही?"

शेवटी तोड निघाली. पडायचं, पण पडल्या पडल्या हात हलवायचा.

शनिवारी बाई पूजेचं ताट घेऊन मैदानाच्या कडेला हजर. इथे वड कुठून आणणार? ओकवर भागवलं. सुताचा गुंडा हातात धरून फेरे सुरू केले, पण डोळे सगळे मैदानावर.

तोफ धडाडली, धूर झाला आणि कर्नल कोसळले.

हात काही हलेना.

साडी खोचली आणि पायात ट्रेनर्स बूट घातलेल्या बाई भर लढाईतून सुसाट धावल्या. मागे सूत उलगडत होतं, त्यात दोन शिपाई अडकून आडवे झाले. त्यांच्याकडे बघायला वेळ कोणाला?

"अहो! अहो, बोला ना!"

कर्नल टक्क डोळे उघडे ठेवून पडले होते.

"हात का नाही हलवलात?" बाईंना रडूच फुटलं.

"विसरलो गं. जन्मभर या दिवशी ड्यूटीवर असायचो. तुला फेरे घालताना कधी बघितलंच नव्हतं. आज इथून बघत बसलो."

तेवढ्यात कॉमेंटेटर माइकवर ओरडला, "लेडीज अँड जेंटलमेन, कर्नल जिवंत आहेत! आता ते पॉलिटिक्समध्ये जाणार!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

डॉक्टर लगबगीने उठायला लागले.

"हलायचं नाही," बाईंनी पदराने डोळे पुसत दम दिला. सूत अजून हातातच होतं आणि ओक पार लांब राहिला होता. उरलेले फेरे त्यांनी तिथेच, कर्नलसाहेबांभोवती घातले. दोन्हीकडच्या सैन्यांनी टोप्या काढल्या.

"पुढच्या वर्षी," शेवटची गाठ मारत बाई म्हणाल्या, "पळून जाणाऱ्या शिपायाचा रोल मागून घ्या."