मसाल्याच्या बरणीचा दादरा

लालबागच्या आमच्या खोलीत मलमलीचा तुकडा कधी वाया गेला नाही. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. वर्षाकाठी विरळ विणीचं, बाजूला काढलेलं कापड घरी यायचं. सासूबाई ते उकळून खळ काढायच्या आणि हातभर हातभर फाडायच्या. एका तुकड्यात दही टांगायचं, एकात मोड यायला वाल बांधायचे, एकातून नारळाचा रस गाळायचा, एक पिण्याच्या हंड्यावर. माझी नणंद सुनंदा बाळंतपणाला आली तेव्हा सगळ्यांत मऊ सहा तुकडे बाळासाठी निघाले.

हे सगळे खोलीतल्या दोरीवर वाळायचे. मसाल्याच्या बरणीचा दादरा, म्हणजे बरणीचं तोंड बांधायचं फडकं, तेवढा दाराजवळच्या खिळ्याला. कितीही धुतला तरी त्याच्या सुतात मिरची राहायचीच. त्याला दोरीवर जागा नव्हती.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि आमच्याकडचे रस्ते पेटले. गिरण्या बंद, पुरुष सगळे खाली. त्यातच बाळाचं बारसं आलं.

"पुढे ढकला," शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या.

"बारावा दिवस काय ढकलतात?" सासूबाई म्हणाल्या. "पोलिसांका विचारून जन्मलो काय तो?"

पाळणा दोन दिवस आधीच बांधला होता. मी त्याला झालर लावायला गेले, तेव्हा कमलाबाई हळूच म्हणाल्या होत्या, "तू राहू दे गो दुर्गा. लेकुरवाळीनं लावावी." माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. मी झालर खाली ठेवली. सासूबाईंनी ऐकलं असावं.

बारशाच्या सकाळी मीच बरणी उघडली, उसळीसाठी मसाला काढला. दादऱ्यावर मसाला सांडला म्हणून तो पाण्यातून काढला, आणि घाईत दोरीवर टाकला. सासूबाई आणि कमलाबाई शेजारच्या खोलीत वडे थापत होत्या. इकडे मी, सुनंदा आणि बाळ.

खाली आरडाओरडा वाढला. मग फट् असा आवाज झाला आणि चौकातून पांढरा धूर गॅलरीत चढला. सुनंदा खिडकी लावायला धावली आणि तिथेच डोळे धरून खाली बसली.

"वहिनी, बाळ! बाळाला बघ!"

अश्रुधुरात ओलं फडकं डोळ्यांवर धरायचं, हे चाळीत तोवर पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं. माझेही डोळे मिटत होते. मी दोरीवर हात घातला, हाताला आलं ते फडकं बादलीत बुडवून बाळाच्या डोळ्यांवर ठेवलं.

बाळ जिवाच्या आकांताने किंचाळलं.

सासूबाई आणि कमलाबाई पदर तोंडाला लावून धावत आल्या. कमलाबाईंनी बाळ उचललं. फडकं बाजूला पडलं.

"धूर गेला गो डोळ्यांत! पाणी आणा, पाणी मारा!"

सासूबाईंनी तांब्या भरला. ओंजळीने बाळाचे डोळे धुतले, एकदा, दोनदा. रडणं वाढतच गेलं. पापण्या सुजून लाल झाल्या, मग गालही. धूर आता विरत होता. सुनंदाचे डोळे उघडले होते, बाळाचे मात्र मिटत चालले होते.

तेव्हा माझे तळवे चुरचुरायला लागले. खाली वाकून फडक्याचा वास घेतला. लवंग, धणे, मिरची.

सासूबाईंनी पुन्हा तांब्या भरला. त्यांना धूरच वाटत होता. मी गप्प राहिले असते तर सगळ्यांना धूरच वाटला असता, कायमचा. आणि पोराच्या डोळ्यांवर पाणी पडत राहिलं असतं, तिखट पसरत राहिलं असतं. कमलाबाईंचा चेहरा समोर होता. त्या काय बोलणार ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"आई, पाणी नका मारू," मी म्हणाले. "धूर नाही तो. मी दादरा ठेवला त्याच्या डोळ्यांवर. मसाल्याचा."

तांब्या हवेतच थांबला.

"बघा!" कमलाबाई ओरडल्या. "मी म्हणत होते, हिला पाळण्याजवळ—"

"कमळे, तोंड मिट नि पोर हिकडे दे." सासूबाईंनी बाळ मांडीवर घेतलं. "सुनंदा, दूध काढ. बाळाच्या फडक्यावर. तिखट पाण्यान जात नाय."

सुनंदा पाठ वळवून बसली. पहिल्या फडक्यावर दूध पडेना. मग पडलं. सासूबाई मऊ तुकड्याच्या टोकाने एकेक पापणी पुसत होत्या, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक वेळी नवी घडी. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला. चौथ्या तुकड्याला रडणं हुंदक्यांवर आलं. पाचव्याला बाळाने उजवा डोळा किलकिला केला, आणि बऱ्याच वेळाने डावा. सासूबाईंनी त्याच्यासमोर बोट हलवलं. बारा दिवसांच्या पोराला बोट काय दिसणार! पण उजेडाकडे त्याने मान वळवली.

"डोळे शाबूत हत," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

सुनंदाने बाळाला पाजलं. पाजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी अजून दाराशीच उभी होते.

"वहिनी, घे ह्याला. माझे हात कापतायत."

कमलाबाईंनी तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "निदान हात तरी धू म्हणावं!"

मी तेलाने हात चोळले, मग राखेने, मग पुन्हा तेलाने. आग जाईना. तळवे त्याला लावायची छाती होईना. शेवटी खाली बसले, दोन्ही हात पुढे केले, तळवे बाहेर वळवून मुठी मिटल्या, आणि सुनंदाने बाळ माझ्या कोपरांवर आडवं ठेवलं. सासूबाई वड्यांचं पीठ वाळलं म्हणून पलीकडे गेल्या. मी तशीच बसून राहिले, संध्याकाळी बायका बारशाला जमेपर्यंत.