नव्याच्या रकान्यातले माझे आकडे

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे आणि स्वभावाने जळकुकडा आहे. पुढे तुम्हाला कळणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने माझ्या पोटावर नंबराची चिठ्ठी चिकटवली, दुसरीने मला खोक्यात बसवले, आणि मी या घराच्या पॅसेजमध्ये येऊन पोहोचलो. बाहेरून येणारी वायर तिथेच संपते, म्हणून माझी फळीही तिथेच. या घरातली सून वाचा-उपचार करते. लकव्याने ज्यांची वाचा गेली, त्यांना ती लॅपटॉपवरून पुन्हा बोलायला शिकवते. मागच्या खोलीची भिंत जाड, तिथे माझे वायफाय पोहोचत नाही. त्यामुळे ती माझ्या फळीखाली स्टूल टाकून बसायची. नऊ वर्षे बसली! "आपला मोडेम गुणी आहे हो," असे ती कधी म्हणाली की मला दिवसभर दुसरे काही सुचत नसे.

मग बाहेरचा रस्ता खणायला घेतला आणि महिन्यात दोनदा माझी वायर तुटली. दोष खणणाऱ्यांचा, पण नाव माझे खराब झाले. सुनेने दुकानातून एक नवा डबा आणला. त्याला वायरच नाही! पोटात सिमकार्ड घालायचे, की तो मोबाईलच्या टॉवरवरून इंटरनेट ओढून घेतो. गोरागोमटा, गुळगुळीत, अंगावर धुळीचा कण नाही. मला तो पहिल्या क्षणापासून डोळ्यांत खुपला.

सुनेचे सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. "सात दिवसांत परत करता येतो ना? मग मोजूनच घेऊ," ते म्हणाले. त्यांनी वही काढली, 'जुना' आणि 'नवा' असे दोन रकाने आखले आणि पाहुण्याला माझ्याच फळीवर, मला खेटून बसवले. "तराजूची दोन्ही पारडी एका पातळीवर हवीत," म्हणे. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते फोन हातात धरून वेग मोजायचे आणि लिहायचे.

इथे एक गोष्ट फक्त मला माहीत होती. नऊ वर्षांच्या सवयीने त्यांचा फोन आपोआप मलाच जोडला जायचा. 'नवा' म्हणून जे आकडे वहीत चढत होते, ते माझे होते! "अरे वा, हा तर जुन्याच्या तोडीस तोड आहे. आणि वायरची कटकट नाही," असे म्हणून सासरे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. राबत मी होतो आणि कौतुक त्याचे होत होते. मला तोंड असते, तर मी घर डोक्यावर घेतले असते.

चौथ्या दिवशी सुनेने स्वतःच्या हाताने लॅपटॉप नव्याला जोडला आणि शिकवायला बसली. समोर पडद्यावर पूर्वी बस चालवणारे एक गृहस्थ होते. ते ओठ जुळवत असतानाच चित्र थिजले. थोड्या वेळाने हलले, पुन्हा थिजले. सून "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा" करत राहिली, तेव्हा त्या बिचाऱ्यांना वाटले, आपलीच जीभ अडकली. त्यांनी टॉवेल तोंडाशी धरला आणि मान फिरवली. त्यांच्या बायकोने हळूच फोन बंद केला.

खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बाबा, वहीत तर तुम्ही झकास लिहिलंय," सून रडवेली होऊन म्हणाली.

सासऱ्यांनी फोन पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "अरे देवा! हा जुन्यालाच जोडलेला आहे. चार दिवस मी जुन्यालाच मोजतोय! जन्मभर लोकांची खोटी वजनं जप्त केली, आणि माझ्याच वहीत खोटं माप?"

त्यांनी अख्खा रकाना खोडला आणि खाली सही केली. आता पाहुण्याची पाठवणी होणार, असे मी मनात मांडे खात होतो. पण ते खरे निरीक्षक होते. त्यांनी मला बंद केले आणि नव्याला हातात घेऊन घरभर फिरले. "याला उघडी खिडकी लागते, आणि मी याला पॅसेजमध्ये कोंबून ठेवला. ही काय तपासणी झाली?" मागच्या खोलीच्या खिडकीत त्याने असा वेग दाखवला, की त्यांनी तो तीनदा मोजला.

सहाव्या दिवशी सून त्या खोलीत जाऊन बसली. दार लावून घेतले. तासाभराने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"बाबा, आज त्या बसवाल्या काकांनी बायकोला हाक मारली. नाव घेऊन, पूर्ण."

"म्हणजे वेग पुरला म्हणायचा."

"वेगाचं नाही हो. त्यांच्या बायकोने आज सांगितलं. माझ्या पाठीमागून सारखं कुणीतरी जायचं ना, तुम्ही टॉवेल घेऊन अंघोळीला, आपली पोरगी दप्तर घेऊन शाळेला. लोकांदेखत तोंड वेडंवाकडं करायला ते लाजायचे. आणि मी रोज ओरडत होते, मोठं उघडा म्हणून."

ती माझ्यापाशी बसते, या फुशारकीत मी नऊ वर्षे काढली होती. तिला दुसरी जागाच नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. असे किती जण माझ्या फळीसमोर लाजून गप्प बसले असतील, कोण जाणे. सातव्या दिवशी नवा डबा परत गेला नाही, सासऱ्यांनी माझी वायर हळू सोडवली आणि मला फळीवरच राहू दिले.

मित्रांनो, नवी वस्तू घ्याल तेव्हा नीट पारखून घ्या, आणि कुणाचे काम कुणाच्या नावावर लिहिताय तेही बघा. जुनी वस्तू काढताना वायर हिसकू नका, हळू सोडवा. तिने तुमच्यासाठी कष्ट केलेले असतात.

नव्या डब्याचा मला आजही हेवा वाटतो. मागच्या खोलीचे दार लागते, आत कुणीतरी अडखळत, मोठ्याने बोलायला लागते, आणि ते काम माझे नसते. जळून खाक होतो मी. पण उद्या कुणी मला पुन्हा वायर जोडली आणि तिला स्टुलावर आणून बसवले, तर मी अंगावरचा एकही दिवा लावणार नाही.